बाबांचे पुरावे

ताईच्या डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, तेव्हा दुसऱ्या कोणीही ती डिस्क बदलली असती आणि चहा घेतला असता. पण तिचा धाकटा भाऊ बारक्या, जो घरात सर्वांत उंच होता, म्हणाला, "एकीचं काय, सगळ्यांचंच एकदा मार्गी लावू." घरभर विखुरलेल्या डिस्क, लॅपटॉप आणि फोन यांतला सगळा ऐवज साठवणीच्या एका नव्या पेटीत ओतायचा, मग ज्याने त्याने आपलं आपलं कुठूनही इंटरनेटवरून उघडायचं. पेटी चपलांच्या स्टँडवर बसली.

ताईचा जीव डिस्कमध्ये अडकला होता. दुपारी एका शाळेच्या इमारतीचे नकाशे दाखवायचे होते. पसंत पडले तर तिचं स्वतःचं पहिलं काम.

"आधी माझं घे."

"ताई, तू रांगेत आहेस."

"रांगेत पुढे कोण आहे?"

"बाबा."

तेवढ्यात पेटी भरली. बारक्याने उघडून पाहिलं. आत बटणं होती. भिंतीवरची, बंद केलेली. घराबाहेर पडताना बाबा प्रत्येक बटणाचा, गॅसचा आणि कुलपाचा फोटो काढत, म्हणजे अर्ध्या वाटेवरून परतायला नको. फोटो ते जपून ठेवत आणि जपलेले आणखी एका डिस्कवर जपत. गिझरचा तर व्हिडिओ होता. त्यात काहीही घडत नव्हतं.

"बाबा, जुने उडवतो."

"आणि तेव्हा घर जळालं असेल तर?"

"नाही जळालं. आपण त्यातच बसलोय."

बाबांनी विचार केला. "बरं. पण बघून उडव."

मग एकेक बटण बघणं सुरू झालं. ताई दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत होती. डिस्क टकटकत होती.

"हा राहू दे," बाबा म्हणाले. "यात पंखा छान आलाय."

"बाबा," ताई म्हणाली. एवढंच म्हणाली. बाबांनी पंखा सोडला.

नकाशे पेटीत पोचले आणि डिस्क कायमची गप्प झाली. लॅपटॉपवर उतरवून घ्यायला वेळ नव्हता. ताई ते शाळेत बसून थेट पेटीतूनच उघडणार होती. आईसकट सगळे गाडीत बसले. बाबा नेहमीप्रमाणे शेवटी आले.

शाळेच्या फाटकाशी ताईने विचारलं, "पेटी चालू आहे ना रे?"

"मी चालूच ठेवली होती," बारक्या म्हणाला आणि मागे वळला. "बाबा?"

"तू निर्धास्त जा, बेटा." बाबांनी फोन पुढे केला. फोटोत चपलांचा स्टँड होता, त्यावर पेटी आणि वर तिचं बटण. बंद. "दिवे उगाच लुकलुकत होते."

ताई गाडीतून उतरली. "मी आत जाऊन प्रस्तावना करते," ती म्हणाली. "जमेल तितकी लांबवते."

बारक्याने गाडी वळवली. बटण चालू करायला हे कुटुंब पहिल्यांदाच परतत होतं, तेही अर्ध्या नव्हे, पूर्ण वाटेवरून.

"जातोच आहोत तर गॅसही बघू," आई म्हणाली. "त्याचा फोटो जरा हललाय."