सासूबाई, मी आणि न निघणारे हातमोजे

पाहुण्यांना विकतचे शिंपले वाढायचे नाहीत, एवढंच मी ठरवलं. आता यात काय वाईट आहे, तुम्हीच सांगा! मुलीचं कन्फर्मेशन, म्हणजे वयात येताना चर्चमध्ये श्रद्धेची कबुली द्यायचा विधी, आमच्या स्कार्वोय बेटावर लग्नाच्या खालोखालचं कार्य. पंधरा वर्षांच्या पोरी चर्चमध्ये रांगेनं उभ्या राहणार, पाद्रीणबाई एकेकीच्या डोक्यावर हात ठेवणार, आख्खं गाव ठेवणीतल्या पारंपरिक पोशाखात हजर, आणि नंतर जेवण. अशा दिवशी बापानं स्वतः फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या आमच्या खाडीच्या, तळातून हातानं वेचून आणलेले शिंपले पानात पडले, तर पोरीची मान ताठ होईल की नाही?

"कार्याच्या दिवशी सकाळी?" माझी बायको सुन्निवा इस्त्री करता करता थांबली. "ऑडवार, तुला पडद्याची दांडी लावायला सांगितली तर भिंत खाली येते."

"मी एकटा थोडाच जातोय? आई आहेत ना बरोबर!"

आई म्हणजे माझ्या सासूबाई, बोर्गहिल्ड. लोकांच्या सासवा सत्तरीला आल्या की खिडकीशी बसून विणकाम करतात. आमच्या सासूबाई समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले वेचतात. थंड पाण्यात जोडीदाराशिवाय उतरायचं नाही हा आमच्याकडचा पक्का नियम, आणि माझ्याबरोबर उतरायला तयार असलेलं गावात हे एकच माणूस उरलंय. (तेही नात्यामुळे.)

मुलगी तिरिल मात्र हसली नाही. रात्रभर तिला झोप नव्हती. सगळ्यांसमोर एकटीनं पुढे जायची तिला धास्ती होती.

"बाबा, माझं नाव घेतलं की आपल्या घरच्यांनी बाकावरून उठून उभं राहायचं असतं. सगळ्यांचे राहतात. मी वळून बघीन तेव्हा तू उभा असायला हवास. बस्स. बाकी काही करू नकोस. बोलूसुद्धा नकोस."

"अगं, उभं राहायला काय अक्कल लागते?" मी म्हणालो.

"म्हणून तर तेच सांगितलंय," सुन्निवा म्हणाली.

तर सासूबाईंच्या जुन्या गाडीत मागे आमचे दोघांचे ठेवणीतले कपडे टांगून आम्ही किनाऱ्यावर पोचलो. बेत सरळ होता. बुडी मारायची, शिंपले वेचायचे, तिथेच कपडे बदलायचे आणि फ्योर्डला वळसा घालून गाडीनं थेट चर्च गाठायचं. चर्च तिथून समोरच्या काठावर दिसत होतं.

आमच्या पाण्यात मे महिन्यातही हाडं वाजतात, म्हणून ड्रायसूट, आत थेंबभर पाणी न शिरणारा पाणबुड्यांचा पोशाख. आत लोकरीचे कपडे, वरून हा रबरी पिंजरा, आणि पाठीवर आडवी चेन. ती आपली आपल्याला लावता येत नाही, जोडीदारानं लावायची. मी सासूबाईंची लावली, त्यांनी माझी. हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण ते चढवले की बोटांची केळी होतात. सुटाच्या मनगटाला एक कडं, हातमोज्याला दुसरं, एकात एक दाबलं की खट्!

ही कडी मी स्वतः बसवली होती. दोघांच्याही हातमोज्यांना. सासूबाईंना वाढदिवसाची भेट म्हणून. पाणी शिरू नये म्हणून मध्ये रबराची एक जादा चकतीसुद्धा घातली होती, जी बनवणाऱ्या मूर्खांना सुचली नव्हती.

"जरा घट्ट वाटतंय रे," सासूबाई म्हणाल्या.

"घट्टच पाहिजे आई!"

गाडी सूट चढवायच्या आधीच कुलूपबंद केली होती. किल्ली? ती मी मघाशीच सुरक्षित ठिकाणी ठेवली होती. आतल्या लोकरी कपड्याच्या खिशात, अगदी काळजापाशी.

खाली काय बहार होती म्हणून सांगू! हिरवं स्वच्छ पाणी, वाळूत ताटाएवढाले शिंपले, आणि पुढे सासूबाई मासोळीसारख्या सुळसुळत चाललेल्या. हातमोज्यात थेंबभर पाणी शिरलं नाही. मी त्यांना तसं खुणेनं सांगितलंही. जाळीची पिशवी भरून आम्ही खुशीत वर आलो, टाक्या आणि वजनाचे पट्टे उतरवले (त्यांची बकलं जाड बोटांनीही उघडतात), आणि मी ऐटीत म्हणालो, "चला आई, हातमोजे."

सासूबाईंनी माझं कडं फिरवलं. ते हललं नाही. मी त्यांचं फिरवलं, तेही नाही. त्यांनी माझा हात काखेत धरला, पाय दगडाला लावला आणि ओढलं. आम्ही दोघंही शेवाळावर बसलो.

"ऑडवार, यात काय घातलंयस?"

"जादा चकती."

त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. मला उगाच गृहपाठ विसरल्यासारखं वाटलं.

"बरं, चेन उघड माझी. दोरी धरून ओढ."

चेनीला ओढायला दोरी असते. म्हणजे होती. लोंबते, बरी दिसत नाही, म्हणून थंडीत मी दोन्ही सुटांच्या दोऱ्या कापून टाकल्या होत्या. आता उरलं होतं नखाएवढं पितळेचं टोक. केळ्याएवढ्या बोटांनी मी ते चाचपत होतो आणि सासूबाई ओरडत होत्या, "गुदगुल्या करतोयस की चेन उघडतोयस?"

"आई, तुमच्या पायाला सुरी आहे. सूट कापू या?"

"हा सूट? आधी तुझी जीभ कापीन."

"मग गाडीची काच फोडू."

"माझ्या गाडीची? आधी तुझं डोकं फोडीन. मुकाट्यानं किल्ली काढ."

मी छातीवर हात ठेवला. सासूबाईंना आधी वाटलं मला काही झटका आला. मग त्यांना उलगडा झाला, आणि मला वाटतं त्यांना झटका परवडला असता.

मोबाइल गाडीत. रस्त्यावर चिटपाखरू नाही, कारण सगळं गाव चर्चमध्ये. तेवढ्यात समोरच्या काठावरून घंटा वाजायला लागल्या.

डोळ्यांसमोर तिरिल आली, मागे वळून रिकामी जागा बघणारी. खोटं कशाला सांगू, रडू फुटायच्या बेतात होतं.

"आई, चालत गेलो तर वेळेवर पोचणार नाही हो!"

"चालायचं कशाला?" सासूबाईंनी परत पायात पोहायचे रबरी पंख चढवले. "पोरगी वाट बघतेय. चल, उताणा हो."

आणि आम्ही निघालो. सुटात उरलेल्या हवेनं फुगे झालेलो, आभाळाकडे तोंड करून, पायांनी पाणी हाणत, सासू-जावई फ्योर्ड पार करत होतो. मध्येच एका सीलनं डोकं वर काढलं, आमच्याकडे बघितलं आणि लाजून आत घेतलं. सासूबाईंना हसू फुटलं. त्यांचं बघून मला. खारं पाणी नाकातोंडात जात होतं, घंटा वाजत होत्या आणि आम्ही खिदळत होतो.

चर्चच्या दारात शिंपल्यांची पिशवी घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याकडे दिली. त्यानं ती पाहुण्याची छत्री घ्यावी तशी घेतली.

आत सोहळा सुरू झाला होता. आम्ही मधल्या वाटेनं निघालो. चप्प, चप्प, चप्प. सासूबाई पुढे, राणीसारख्या. मी मागे, गळत. पहिल्या बाकावर सुन्निवानं मान वळवली आणि परत सरळ केली, ओळख नसल्यासारखी.

"चेन उघड ना," मी तिच्या कानाशी कुजबुजलो.

"आत काय घातलंयस?"

"लोकरीची विजार. जुनी. ढोपराला..."

"मग राहू दे."

मी खाली बसलो. आता ड्रायसुटात हवा असली आणि माणूस बसला, की ती हवा वर येऊन गळ्याच्या रबरातून बाहेर पडते. प्रार्थनेसाठी चर्च चिडीचूप झालं होतं. त्या शांततेत माझ्या गळ्यातून असा काही आवाज निघाला, लांबलचक, वरच्या पट्टीत संपणारा, की तो गळ्यातून निघाला हे अजून निम्म्या गावाला पटलेलं नाही.

"तिरिल," पाद्रीणबाईंनी नाव घेतलं.

माझी पोर पुढे गेली. पांढरीफटक. आम्ही तिघं उठलो. रबर करकरलं. तिरिलनं वळून बघितलं, तिच्या बापाकडे, आजीकडे, आमच्याभोवती साचलेल्या तळ्याकडे. क्षणभर मला वाटलं, संपलं. जन्मभर बोलणार नाही ही.

आणि ती हसली! खुदकन नाही, खो खो. पाद्रीणबाईंचा हात तिच्या डोक्यावर होता तोही हलायला लागला, कारण त्याही हसत होत्या. हसता हसताच तिनं मान उंच केली, आणि भीती कुठल्या कुठे पळाली होती. माझे डोळे भरून आले. पुसता येईनात, हातमोजे होते.

"उभा होतास की नाही!" बाहेर आल्यावर तिनं मला ओल्या सुटासकट मिठी मारली. मी हवेत तरंगत होतो.

तेवढ्यात सासूबाईंची थोरली बहीण आली. ओगोट मावशी. नजर अधू, पण पारंपरिक पोशाखाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. कोणाच्या बंडीला दुसऱ्याच खोऱ्याच्या पोशाखाचं बटण असलं, तर हिच्या बोटांना कळतं, आणि मग ते सगळ्यांना कळतं. तिनं माझ्याभोवती सावकाश एक फेरी मारली. बाही चाचपली.

"कापड टिकाऊ आहे," ती म्हणाली, आणि माझी छाती फुगली. "पण ऑडवार, आपल्या बेटाच्या पोशाखावर हातमोजे नसतात रे. फोटो काढायच्या आधी तेवढे काढून टाक."