बाबालालची हिरवी कीड

सगळे प्रवासी लाँचमध्ये चढून बसले की बाबालाल मुलाणी इंजिनाच्या तारा सोडवायला घ्यायचे. त्याआधी कधीच नाही. प्रेक्षक नकोत का?

महायुद्ध संपलं तेव्हा सांगलीजवळच्या एका बागायतदारानं कृष्णेवर लाँच आणली आणि आरमारातून वायरमन म्हणून सुटून आलेल्या बाबालालना तिच्यावर नेमलं. मी पलीकडच्या शाळेत मास्तर, त्यामुळे हा सोहळा मला रोज बघावा लागे. बॅटरीची टोकं सोडा-पाण्यानं धुवायची, काचकागदानं घासायची, पुसायची, ग्रीस लावायचं. मग मान तिरकी करून नव्या सुनेकडं बघावं तसं त्यांच्याकडं बघायचं.

"अहो, कालच गंज काढलात ना?"

"हिरवी कीड हाय ती, मास्तर. रातीत वाढती."

"समुद्रात वाढत असेल. इथं कृष्णेचं गोडं पाणी!"

"किडीला भूगोल कळत न्हाई."

हे भूगोलाच्या मास्तरला ऐकवायचं!

एकदा वऱ्हाड खोळंबलं. बाशिंगाखाली नवरदेव घामानं निथळत होता. वरबाप ओरडला, "आवं, मुहूर्त टळतोय!" बाबालालनी शांतपणे त्याच्याच हातात काचकागद दिला. लग्न लागलं, मुहूर्त तेवढा दुसरा शोधावा लागला.

पुढं माझ्या वर्गाची तपासणी होती, त्या सकाळीही घासणं सुरू झालं. मी भडकलो. "तुमच्या खुळापायी माझी नोकरी जाईल! एक दिवस नाही घासलं तर कोण मरतंय?"

बाबालालचा हात थांबला.

"दत्तू मेला."

दत्तू कोरेगावचा. लढाईत दोघं एकाच बोटीवर; दत्तू खाली इंजिनखोलीत. तिथून वर घंटी होती. तिच्या तारेला धरलेली कीड बाबालालनी सकाळीच पाहिली होती. चहा पिऊन घासू, म्हणाले. तेवढ्यात खाली आग लागली.

"त्यानं बटण दाबलं आसंल, मास्तर. वर वाजलंच न्हाई."

"त्याच्या घरी गेला होता?"

"तीनदा कोरेगावापातुर गेलो. गाडीतनं उतरलो न्हाई."

तपासणीत मला वाईट शेरा मिळाला. रविवारी आम्ही दोघं कोरेगावला उतरलो. दत्तूच्या आईला बाबालालनी दारातच, उभ्यानं सगळं सांगितलं. चहासुद्धा लपवला नाही.

म्हातारीनं दार सताड उघडलं. मग म्हणाली, "त्याच्यासंगं ऱ्हायलेलं कुणीच आलं न्हवतं बगा. आत या. त्यो तिकडं काय खायचा, कुणासंगं हसायचा, त्ये सांगा."

मी ओट्यावर बसून राहिलो. बाबालाल आत संध्याकाळच्या गाडीपर्यंत बोलत होते.