पावतीची खिडकी आणि कक्षाची परिपक्वता

लातूरच्या एका बियाणे सहकारी संघात बियाण्याच्या पिशव्या तळमजल्यावर मिळत आणि त्यांची पावती तिसऱ्या मजल्यावर. ही व्यवस्था कोणी आखलेली नव्हती. त्यामुळे ती बदलण्याचा अधिकारही कोणाकडे नव्हता.

विद्यापीठातून रीतसर शिकून आलेल्या देविकाकडे संघाचा व्यवसाय-विश्लेषण कक्ष होता. सभासदांची अडचण समजून घ्यायची आणि उपाय सुचवायचा, हे कक्षाचे काम. जिन्यात दम खात उभ्या असलेल्या सभासदांना विचारून तिने एका ओळीची शिफारस केली : पावतीची खिडकी खाली न्यावी. कंधारहून येणाऱ्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या महानंदा मावशींना तर तिने शब्दच देऊन टाकला, "पेरणीच्या आत खिडकी खाली येईल."

अध्यक्ष बापूसाहेबांनी शिफारस गंभीरपणे वाचली.

"मॅडम, शिफारस लई चांगली हाय. पण शिफारस करणारा कक्षच परिपक्व हाय का न्हाई, हे कुणी तपासलं?"

कुणीच तपासले नव्हते. पुण्याच्या एका मूल्यमापन संस्थेला पाचारण झाले. परिपक्वतेच्या पाच पातळ्या होत्या. कक्ष सर्वांत खालच्या पातळीवर निघाला. शेरा असा : 'कक्ष लोकांना थेट विचारतो व लगेच उपाय सुचवतो. प्रक्रियेचा पूर्ण अभाव.'

देविकाला त्या दिवशी जेवण गेले नाही. खिडकी अडली याचे दुःख होतेच. पण शाळेत कधी पहिला नंबर न सोडलेल्या तिला शेवटचा नंबर अधिक झोंबला.

लातुरात अपयशावर एकच औषध आहे. कक्षाला शिकवणी लावण्यात आली. वैजनाथ सरांनी हयातभर भौतिकशास्त्र शिकवले होते. विषय नवा असला तरी परीक्षा ती परीक्षाच. त्यांनी मागच्या मूल्यमापनांचे प्रश्न मिळवले, नमुना उत्तरे लिहून दिली, दर रविवारी सराव चाचणी लावली आणि कक्षातल्या कारकून बालाजीला रिपीटर बॅचला टाकले.

"सर, पर सभासदांला काय पायजे, हे कधी इचारायचं?" बालाजीने विचारले.

"त्याला मार्क किती?"

"कायच न्हाई."

"मग ऑप्शनला टाक!"

देविकाने हे वाक्य वहीत अधोरेखित केले. जिन्यात आता ती कोणाशी बोलत नसे; उत्तरे पुटपुटत, मान खाली घालून वर जाई.

फेरमूल्यमापनाला संस्थेचे प्रीतम नावाचे तरुण अधिकारी आले. उत्तरे बंदुकीच्या गोळीसारखी सुटत होती. तेवढ्यात महानंदा मावशी पावतीसाठी वर आल्या आणि खिडकीशेजारच्या कक्षाच्या दाराची चौकट धरून धापा टाकू लागल्या.

"यांना काय हवंय?" प्रीतम यांनी सहज विचारले.

देविकाला उत्तर येत होते. ते ओठांवरही आले होते. पण नमुना उत्तरांत ते नव्हते, आणि चुकले तर गुण कापले जाणार होते. बालाजी उठून उभा राहिला.

"साहेब, हे सिलॅबसच्या भाईरचं हाय."

प्रीतम यांनी आपला तक्ता चाळला, ओशाळून क्षमा मागितली आणि प्रश्न मागे घेतला.

कक्ष उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. किती, ते शेवटी सांगू. बापूसाहेबांनी पेढे वाटले आणि परिपक्व कक्षाचे पहिले कर्तव्य म्हणून अपरिपक्व काळातील सर्व शिफारशी रद्द करण्याचा ठराव मांडला. अशी शिफारस एकच होती. ठरावाच्या टिपणावर कक्षप्रमुखाची सही आवश्यक होती. देविकाने पेन हातात धरून बराच वेळ जिन्याकडे पाहिले. मग सही केली, अगदी नियमात सांगितल्या जागी. नियम तिला तोंडपाठ होते.

पेरणीच्या तोंडावर मावशी पुन्हा वर आल्या. बाकावर टेकून त्यांनी पदराने घाम पुसला. मावशींना काय सांगावे, याची देविका मनात जुळवाजुळव करत होती.

"बाई, पास झालात म्हणं?"

"हो मावशी. पण ती खिडकी..."

"खिडकीचं ऱ्हाऊ द्या की! टक्के किती पडले, ते सांगा आधी!"

देविकाचा चेहरा उजळला.

वाचकांनाही हेच विचारायचे आहे, याची आम्हास जाणीव आहे. गुणपत्रक तिसऱ्या मजल्यावर लावले आहे. कृपया जिन्याने वर येऊन पाहावे.