न सापडलेलं दुखणं

आरोग्यविम्याच्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा चष्मेवाला एका गिऱ्हाइकाच्या कानामागे नव्या चष्म्याची काडी बसवत होता. त्याने तिरक्या नजरेने मोबाइल वाचला आणि काडी जरा जास्तच वाकली. गिऱ्हाईक कळवळलं. हप्ता जवळजवळ दुप्पट झाला होता. आईने सत्तरी ओलांडली म्हणून कंपनीने आधी तिचं अभिनंदन केलं होतं आणि लगेच खालच्या ओळीत नवा आकडा टाकला होता.

संध्याकाळी विमा एजंट दुकानात आला.

"दादा, एवढं तोंड पाडू नका. फोनचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलतो ना आपण, तसंच करायचं. दुसऱ्या कंपनीचा हप्ता बराच कमी आहे. फक्त त्यांची डॉक्टर आईंना एकदा फोन करेल, चार प्रश्न विचारेल. आईंना काही आजार नाही ना?"

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "म्हणजे तसं काहीच नाही. पण तिला विचारलं तर भरपूर आहे."

एजंट हसला. त्याला वाटलं, गंमत चाललीय.

आईची तब्येत खरं तर ठणठणीत होती. नेहमीचे डॉक्टर तिला वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या गोळ्या देत होते, आणि परीक्षेच्या आधी रडणाऱ्या मुलांनाही ते त्याच देत. पण इमारतीखालच्या बाकावर रोज संध्याकाळी ज्या म्हाताऱ्या बसत, त्यांच्यात मान आजारपणावरून ठरायचा. मधली जागा गुडघेवाल्या काकूंची. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले, शिवाय हातात काठी. शस्त्रक्रिया झालेल्या बाईपुढे साध्या दुखण्याचा निभाव लागत नाही, म्हणून आईने संख्येवर भर दिला होता. छातीत कळ, पाठीत उसण, तळपायाची आग, आणि अलीकडे नव्याने आलेली चक्कर. घरात हे इतकं ऐकून झालं होतं की आता कुणी मान वर करून बघतही नसे.

चष्मेवाल्याची बायको बालवाडीत शिकवायची. आईची तयारी तिने आपल्याकडे घेतली.

"आई, छातीत दुखतं का?"

"दुखतं म्हणजे, मागच्या थंडीत..."

"तो खोकला होता. नाही म्हणायचं."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"नाही हो, आई. या वेळी फक्त खरं बोला, एवढंच म्हणतेय."

"चक्कर मात्र खरंच येते. पायऱ्या हलतात माझ्या."

"पायऱ्या सिमेंटच्या आहेत, आई. पुढचा प्रश्न."

प्रत्येक बरोबर उत्तराला सुनेने आईच्या मनगटावर पेनाने एक चांदणी काढली. आईने आधी नाक मुरडलं, पण पुढच्या चांदणीसाठी हात आपणहून पुढे केला.

फोन गुरुवारी सकाळी येणार होता. तो बुधवारी संध्याकाळी आला. आई तेव्हा बाकावर होती. मोबाइल कानाला लावला की कानात दडे बसतात, अशी तिची आणखी एक तक्रार असल्यामुळे ती नेहमी स्पीकर लावूनच बोलायची. तो तिने लावला.

"नमस्कार आजी, विमा कंपनीतून डॉक्टर बोलतेय. तुम्हाला काही आजार आहे का?"

मनगटावरच्या चांदण्या अजून पुसल्या नव्हत्या. शिकवलेलं "नाही" आईच्या ओठांवर आलंही होतं. पण समोर अख्खा बाक कान टवकारून बसला होता आणि गुडघेवाल्या काकू काठीवर हनुवटी टेकून तिच्याकडेच बघत होत्या. इथे नाही म्हणणं म्हणजे इतक्या वर्षांची कमाई एका शब्दात घालवणं.

"तसे बरेच आहेत," आई म्हणाली.

"छातीत दुखतं?"

"कळ येते. इथून निघते ती पार खांद्यापर्यंत जाते."

"हे मला कधी बोलला नाहीत," गुडघेवाल्या काकू म्हणाल्या.

"सगळंच कुठे सांगते मी? सहन करते."

"आणि आजी, जिना चढताना दम लागतो?"

आई विचार करत होती, तेवढ्यात गुडघेवाल्या काकू फोनवर वाकल्या. "लागतो. फार लागतो."

"अहो, तो तुम्हाला लागतो."

"मग माझाही लिहून घ्या म्हणावं. काय बिघडतं?"

पलीकडे डॉक्टरने दमही लिहून घेतला. नंतर शेजारच्या आजींनी आपली निद्रानाशाची भर घातली. फोन संपला तेव्हा आई एखादी सभा जिंकल्यासारखी बसली होती.

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. या वेळी तो हसत नव्हता.

"दादा, काहीच नाही म्हणाला होतात. त्यांच्याकडे दीड पान भरलंय. आता सगळ्या तपासण्या करा म्हणतात. एक जरी गोष्ट निघाली तर कंपनी घेणार नाही. मग जुनाच हप्ता भरावा लागेल."

चष्मेवाला तडक घरी आला. "आई, नाही म्हणायचं ठरलं होतं ना?"

"अख्ख्या बाकासमोर?" आई म्हणाली.

धंदा बेताचाच असताना तो जोरात आहे असं चष्मेवाला स्वतःच काल शेजारच्या दुकानदाराला सांगून आला होता.

तपासणीच्या आधीचे दोन दिवस त्याने कसेबसे काढले. हप्त्याची काळजी पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच टिकली. त्यानंतर वेगळीच भीती मनात शिरली. आई इतकी वर्षं हे सांगतेय आणि आपण ऐकत नाही. आता एका परक्या डॉक्टरने गंभीर आवाजात विचारलं, आणि तेच सगळं खरं वाटायला लागलं. कळ खांद्यापर्यंत जाते म्हणाली. खरंच जात असेल तर? त्या दिवशी त्याने एका वकिलाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. आईशिवाय घर कसं असेल, असा विचार मनात आला तेव्हा तो दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन उगाच काचा पुसत बसला.

आई मात्र खुशीत होती. ठेवणीतली साडी नेसली होती. गुडघेवाल्या काकूंनी निघताना आपली काठी तिच्या हाती दिली. "असू दे," एवढंच म्हणाल्या. बाकावरचा याहून मोठा मान नव्हता.

हॉस्पिटलात तिला सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. चष्मेवाला दाराबाहेर बोटं मोडत उभा राहिला. आतून तंत्रज्ञाचा आवाज आला, "बास आजी, झालं. थांबा आता."

"राहू दे जरा. आत्ता कुठे पाय मोकळे होतायत."

काठी कोपऱ्यात उभी होती आणि पुढे दिवसभर तिची कुणाला आठवण झाली नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. रिपोर्ट बराच वेळ वाचला. चष्मेवाल्याने टेबलाखालून आईचा हात धरला, आणि आईनेही तो धरू दिला.

"आजी, तुम्हाला काहीही झालेलं नाही."

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले म्हणून त्याने चष्मा काढला आणि रुमालाने काच पुसायला घेतली. हप्त्याची आठवण त्याला बऱ्याच वेळाने झाली.

"नीट बघा," आई म्हणाली. "घाई करू नका."

"नीटच बघितलंय. हृदय छान आहे, साखर नाही, दमाबिमा काही नाही."

"आणि चक्कर?"

डॉक्टरीणबाईंनी तिला खोलीत दोन फेऱ्या मारायला लावल्या, मग तिचा चष्मा काढून पुन्हा दोन. तो चष्मा उजेडाकडे धरून पाहिला.

"चक्कर खरी आहे. पण ती या चष्म्याने येते. नंबर किती जुना आहे हा? पायऱ्या हलताना दिसत असतील तुम्हाला. कुणी केलाय हा चष्मा?"

चष्मेवाल्याचा रुमाल जागच्या जागी थांबला. दुकानात न खपलेली फ्रेम आईच्या नाकावर जायची, जुन्याच काचा तिच्यात बसायच्या, आणि नंबर शेवटचा कधी तपासला हे त्याला आठवत नव्हतं. 'वर्षातून एकदा डोळे तपासा' ही पाटी त्याच्याच दुकानात टांगलेली होती.

आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आहे एक चष्मेवाला," ती म्हणाली. "माणूस चांगला आहे हो. कामात असतो बिचारा."

घरी येताना तो आधी तिला दुकानात घेऊन गेला. डोळे तपासले, काचेच्या कपाटातली सगळ्यात चांगली फ्रेम काढली आणि बाकीची कामं मागे ठेवून दोन दिवसांत नवा चष्मा तिच्या नाकावर चढवला. आई दुकानाच्या तीन पायऱ्या उतरली, परत चढली, पुन्हा उतरली. पायऱ्या हलल्या नाहीत. तिला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. नव्या कंपनीचा होकारही त्याच दुपारी आला, आणि एजंटने आईंना नमस्कार सांगितला.

संध्याकाळी दुकान बंद करून येताना चष्मेवाला जिन्याच्या आडोशाला थांबला. नवा चष्मा मिळेपर्यंत घरीच राहिलेली आई दोन दिवसांनी बाकावर आली होती. तिथले सगळे चष्मे त्याच्याच दुकानातले होते. आईने झाला प्रकार सांगितला, तर उद्यापासून दुकानात कोण फिरकणार?

"काय म्हणाले डॉक्टर?" परत आलेली काठी मांडीवर घेत गुडघेवाल्या काकूंनी विचारलं.

आईने सावकाश पदर सारखा केला.

"काय म्हणणार? एवढी मशिनं लावली, रक्त काढलं, फोटो काढले. कुणाला काही सापडलंच नाही. इतकं खोल आहे."

गुडघेवाल्या काकूंच्या गुडघ्यांत काय होतं ते पहिल्याच फोटोत दिसलं होतं.

"आणि चक्कर हो?"

"ती एक गेली. एवढ्या डॉक्टरांना जमलं नाही, ते आमच्या मुलाने केलं. नंबर तपासून चष्मा बदलून दिला."

काकूंनी मधल्या जागेवरून थोडं सरकून घेतलं आणि आईला बसायला जागा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्याने दुकानाचं शटर वर केलं, तेव्हा बाहेर अख्खा बाक उभा होता. सर्वांत पुढे काठी टेकत गुडघेवाल्या काकू.

"मलाही चक्कर येते रे," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्याने त्यांना हात देऊन खुर्चीत बसवलं. या वेळी तो नीट ऐकणार होता.

"कधीपासून येते, काकू?"

"काल संध्याकाळपासून."