काराकोलीची खोली किती?

तळं कुठलं आणि पाणथळ कुठली, हे मी नुसत्या वासावरून सांगतो! बारा वर्षं नदीखात्यात पाण्याला वर्ग देतोय, काय समजलात? म्हणून आमचे साहेब, इंजिनियर बार्रागान, म्हणाले, "एलिएसेर, काराकोलीला मोजणीला जायचंय," तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "अर्ध्या तासाचं काम, साहेब!"

भानगड अशी होती. काराकोलीच्या काठी पाम तेलाची गिरणी येऊ घातली होती. पाणी खोल निघालं तर तो 'तलाव', आणि गिरणीला सांडपाणी सोडायची मोकळीक. उथळ निघालं तर 'पाणथळ', आणि मग थेंबही सोडायचा नाही. जुन्या नकाशात चार मीटर लिहिलेलं. गावातले कोळी म्हणत होते, छे!

काठावर सगळं गाव लोटलं होतं. गिरणीचा मॅनेजर छत्रीखाली उभा, शेजारी आमचे साहेब वही घेऊन. होडी दोन्या एउफेमियाची. चाळीस वर्षं तिथेच मासे धरणारी बाई!

"खोली मला विचारा की, डॉक्टर," ती म्हणाली. खिशाला पेन दिसलं की आमच्याकडे कुणालाही डॉक्टर म्हणतात.

"मावशी, हे शास्त्र आहे!" असं म्हणत मी वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडली. दोरी सरसर निघाली. दोन मीटर! चार! सात! मॅनेजर टाळ्या वाजवायला लागला.

"डॉक्टर, होडी..."

"मध्ये बोलू नका! अकरा!"

"अहो, होडी वाऱ्याने चाललीय!"

वजन केव्हाच तळाशी मुळ्यांत अडकलं होतं. होडी मात्र मला घेऊन पुढे निघाली होती! हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत चौदा मीटर दोरी संपली. तिचं टोक माझ्या मनगटाला. एकच हिसका बसला आणि मी कढईत सोडलेल्या माशासारखा पाण्यात!

मला पोहता येत नाही. नदीखात्यात भरती करताना हे कुणी विचारतच नाही!

"वाचवा! मेलो! माझ्या बायकोला, यामिलेला सांगा, तिच्या आईशी मी फार वाईट वागलो!"

दोन्या एउफेमियाने वल्हं मांडीवर ठेवलं. "डॉक्टर, उभे राहा."

"काय?"

"पायांवर. उभे राहा."

राहिलो. पाणी पट्ट्याच्याही खाली! शेजारी एक बगळा माझ्याकडे लाजल्यासारखा बघत होता.

गाव हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. मॅनेजर मात्र ओरडला, "तिथे उंचवटा असेल! बाकी सगळं खोल आहे!"

आता माझंही टाळकं सरकलं. "अस्सं? मग चालूनच दाखवतो!"

"चाला, मी आहे मागे," दोन्या एउफेमिया म्हणाली.

चिखल तुडवत मी अख्खी काराकोली आडवी पार केली, मग उभी. काठावरच्या बायका मोजायला लागल्या, "गुडघा! कंबर! परत गुडघा!" छातीला पाणी कुठेच लागलं नाही. मॅनेजर छत्री मिटून निघून गेला.

काराकोली पाणथळ ठरली! दोन्या एउफेमियाने तळलेला बोकाचिको मासा आणि उकडलेला युकाचा कंद केळीच्या पानावर वाढला. मी ओल्या विजारीत, विजयी वीरासारखा जेवायला बसलो. शेजारी साहेब अहवाल लिहीत होते. म्हटलं, बघू तरी माझं काय कौतुक केलंय!

'खोली: कमरेइतकी. मोजणीचे साधन: निरीक्षक एलिएसेर, उंची एक मीटर एकसष्ट.'

आणि खाली शेरा: 'पावसाळ्यात फेरमोजणी करावी. साधन तेच वापरावे.'