कूलरचा मिजाज

आमच्या गल्लीत मिक्सर फुकट मिळतो, पण नेणाऱ्याला आधी त्या मिक्सरचा मिजाज ऐकून घ्यावा लागतो. आणि देणाऱ्याला तो सांगावा लागतो. मला हे कुणी बजावलं नव्हतं, म्हणून माझी गल्लीभर शोभा झाली.

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखाली, एक लोखंडी कपाट उभं आहे. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलंय, ‘नको ते ठेवा, हवं ते न्या’. कपाटाला कुलूप नाही. पण शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत कारभारीकाका बसलेले असतात आणि ते कुलपापेक्षा अवघड आहेत. पांढरी टोपी, मांडीवर फडकं, हातात पेचकस. हे कपाट त्यांनीच मांडलं. चहाला आणि जेवायला घरी जातात तेवढंच.

नव्यानं राहायला आले तेव्हा मी जुना मिक्सर गुपचूप कपाटात सरकवत होते. मागून आवाज आला, “थांबा ताई. मिजाज काय ह्याचा?”

मला वाटलं, उन्हानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हटलं, “काका, मिक्सर आहे.”

“ते दिसतंय. मिजाज सांगा. तो मुका हाय, त्याच्या वतीनं कोन बोलंल?”

आता ह्यांच्यापासून सुटायचं म्हणून मी सांगून टाकलं. बारक्या भांड्याचं झाकण हातानं दाबून धरावं लागतं, नाहीतर उडतं. एकदा उडालं तेव्हा लसणाची चटणी छताला चिकटली आणि उरलेली आमच्या ह्यांच्या लग्नाला जायच्या शर्टावर. काकांनी गंभीरपणे मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दूधवाला दूध घालता घालता मला म्हणाला, “ताई, छताचा डाग निघाला का?”

ज्या घरात मी अजून पडदेसुद्धा लावले नव्हते, त्या घराचं छत दूधवाल्याला पाठ होतं.

काकांचं म्हणणं सरळ होतं. ते मूळचे कन्नडकडचे, पण उभी हयात त्यांनी वाळूजच्या एका कंपनीची बस चालवली. पाळी बदलताना गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायची, तर आधी तिचा मिजाज सांगायचा, असा त्यांच्यात रिवाज. तिसरा गिअर लाडात घ्यायचा, वळणावर जरा डावीकडं ओढते, थंडीत सकाळी घाई करायची नाही. “न सांगता नुसती चावी हातात ठिवली, तर ती बेइमानी व्हती बगा,” काका म्हणतात. बस सुटली, रिवाज सुटला नाही. तो आता आमच्या तव्यांना, छत्र्यांना आणि इस्त्र्यांना लागू झालाय.

एकदा समोरच्या जाधववहिनींनी भाऊजींची पँट कपाटात ठेवली. कापड उंची, शिलाई शाबूत. मिजाज म्हणून वहिनी एवढंच बोलून गेल्या, की बसताना श्वास रोखावा लागतो. संध्याकाळी एक रिक्षावाला ती पँट उलटीपालटी करून बघत होता आणि काका त्याला सगळ्यांसमक्ष समजावत होते, “पँट शांत हाय. पन जाधवसाहेबांचं पोट सुटलं तशी ती बिथरली. तू बारीक हायेस, तुला तरास देनार नाय.” जाधव भाऊजी बँकेत अधिकारी आहेत. ते त्याच वेळी स्कूटर लावत होते. त्यानंतर बरेच दिवस ते मागच्या गल्लीनं घरी यायचे.

पण सगळ्यात मोठा धक्का मला लेमन सेटनं दिला. जाधववहिनींच्या वास्तुशांतीला मी एक लेमन सेट दिला होता, फुलाफुलांचा, खोक्यात सहा ग्लास आणि जग. तोच खोका एके दिवशी कपाटात, वरच्या कप्प्यात, माझ्या नावाच्या चिठ्ठीसकट. मी संतापून वहिनींच्या दाराकडे निघाले, तेवढ्यात काका म्हणाले, “ताई, ह्याचा मिजाज कुनालाच ठाव नाय. लई घरं फिरला, पन खोका कुनी फोडलाच नाय. तुमच्या चिठ्ठीखाली आनखी येक चिठ्ठी हाय बगा.”

बघितली. माझ्या नणंदेची होती. सत्यनारायणाला तिनं मला दिलेला सेट मी वहिनींकडे पोचवला होता, आणि जुनी चिठ्ठी काढायची राहिली होती. मी मुकाट्यानं घरी परत आले आणि पंखा लावून बसले.

एवढं असूनही आमच्या गल्लीचा काकांवर पूर्ण भरवसा. दुकानदार काय वाटेल ते सांगेल, पण काकांनी ‘हा कुकर रुसतो, तिसऱ्या शिट्टीला गॅस कमी करा’ म्हटलं, की तो तिसऱ्याच शिट्टीला रुसणार. वस्तूविषयी खोटं बोलणं त्यांना जमतच नव्हतं. घरी ते एकटे. त्यांची बायको, शांताकाकू, अंथरुणाला खिळून होत्या, आम्ही यायच्या थोड्याच आधी गेल्या. मुलगा पुण्याला, तो फोन करतो. काकांना त्याविषयी विचारलं तर ते कपाटातली एखादी टॉर्च हातात घेऊन तिचा मिजाज सांगायला लागतात.

ह्या कपाटाशेजारी एक कूलर उभा असायचा. पत्र्याचा, ऐसपैस, वरून जुनी चादर टाकून सुतळीनं बांधलेला. उन्हाळा सुरू झाला की त्याच्यावर पुष्कळांचा डोळा. आमच्या शहरात चैत्र-वैशाखात कूलर म्हणजे घरातला कर्ता पुरुष. लोक यायचे, चादर चाचपायचे आणि काकांकडे बघायचे. काका खुर्चीतून न उठता एकच वाक्य बोलायचे, “लई पानी पितो.”

संपलं. जिथं नळ पाचव्या-सहाव्या दिवशी येतो आणि बायका पिंपांच्या हिशोबानं पाहुणे बोलावतात, तिथं ह्यापुढं कोण काय बोलणार? तरी एखादा चिवट निघालाच, तर काका पुढचं सांगायचे, “अन् आवाज म्हंजी घरात बस चालू केल्यावानी. झोप यायची नाय.” मग तोही जायचा. असे दोन-तीन उन्हाळे कूलर तिथंच उभा.

ह्या उन्हाळ्यात जाधवांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत शीतल नावाची मुलगी भाड्यानं राहायला आली. खुलताबादकडची. नवरा वाळूजला कामाला, पदरात दोन महिन्यांचं लेकरू. दुपारी त्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. लेकराच्या अंगभर घामोळ्या, ते रडून रडून निळं पडायचं आणि त्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. नेमके काका पुतण्याच्या लग्नाला कन्नडला गेलेले. एका सकाळी शीतल लेकराला खांद्यावर टाकून कूलरसमोर उभी दिसली.

“ताई, हा कोनाचा हाय? पानी पिऊ द्या कितीबी. मी माझ्या आंघोळीचं घालीन त्याला.”

हे ऐकून मला राहवलं नाही. मी सुतळी सोडली, चादर ओढली आणि जागच्या जागी थिजले.

आत मोडका-गंजका कूलर असेल असं मला वाटलं होतं. पण त्याला ताजा रंग होता. तिन्ही बाजूंना नवंकोरं वाळ्याचं गवत, अजून वास येत होता. टाकी घासून लख्ख, पंख्याला तेल. दर उन्हाळ्यात कुणीतरी त्याची निगा राखत होतं, आणि ते कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आमचे हे आणि जाधव भाऊजी दोघांनी मिळून तो गच्चीवर चढवला. टाकीत दोन बादल्या पाणी घातलं. दुपारभर चालला तरी निम्मं पाणी शिल्लक. आवाज होता, पण कुणाच्या झोपेच्या आड येईल असा नाही. लेकरू तर त्याच्यासमोर टाकल्याबरोबर झोपलं.

म्हणजे कारभारीकाका खोटं बोलले होते. तेही वर्षानुवर्षं, तोंडावरची रेषा न हलवता. जाधववहिनी कट्ट्यावर मटकन बसल्या आणि म्हणाल्या, “मग आमच्या पँटचं काय?” मला हसू आलं नाही. देवळातल्या पुजाऱ्याला चोरी करताना बघावं, तशी माझी गत झाली होती. आणि रागही आला होता. इतक्या तापत्या दुपारी लोकं परत पाठवली ह्या माणसानं, कशासाठी?

काका दुसऱ्या दिवशी दुपारी आले. हातात आहेराची पिशवी, टोपीवर अक्षतांचे दाणे. रिक्षातून उतरले, दोन पावलं चालले आणि रिकाम्या जागेसमोर उभे राहिले. कूलरच्या पायांच्या जागी फरशीवर चार फिकट चौकोन उमटले होते. काका त्यांच्याकडे बघत राहिले. मी भांडायच्या तयारीनं बाहेर पडले होते, पण त्यांचा चेहरा बघितला आणि गार पडले. इतका उतरलेला चेहरा मी त्यांच्याकडे कधी पाहिला नव्हता.

“कोनाला दिला?”

“वरच्या शीतलला. लेकराला घामोळ्या आल्यात, काका.”

त्यांनी मान वर करून गच्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, “मिजाज सांगितला का तिला?”

“लई पाणी पितो म्हणून सांगितलं,” मी म्हटलं. टोमणा मारायचा नव्हता, पण तो निघून गेलाच.

काकांनी पिशवी खुर्चीत ठेवली. “ते खोटं व्हतं,” म्हणाले आणि जाधवांच्या जिन्याकडे चालू लागले. मी मागोमाग गेले.

खोलीत कूलर चालू होता. लेकरू गोधडीवर पालथं झोपलेलं. शीतल घाईघाईनं उठून पदर सावरायला लागली. तिला वाटलं, काका कूलर परत न्यायला आले.

“बस, बाई. नेत नाय. ह्याचा मिजाज सांगायचा राहिला व्हता.” काका उंबऱ्यातच उकिडवे बसले. “चालू केला की आधी येकदा घुरघुरतो अन् थांबतो. घाबरायचं नाय. वरून हळूच येक थाप द्यायची, मंग निघतो. ओल्या हातानं बटनाला हात लावायचा नाय. अन् पानी तो लई पीत नाय.”

एवढं बोलून ते थांबले. संपलं असं मला वाटलं.

“आवाजाचं असं हाय,” ते कूलरकडे बघत म्हणाले, “त्या आवाजावर झोप लागती. बंद केला का जाग येती. आमची शांता लई दिवस पडून व्हती. डोळं मिटलेलं असायचं, पन कूलर थांबला का लगीच उघडायची अन् मला म्हनायची, गाडी कामून थांबली? लगीन झाल्यावर येकदा माझ्या शेजारी बसून बसमधी वेरूळला आली व्हती, तेवढंच तिच्या ध्यानात राहिलेलं. मी म्हनायचो, सिग्नल लागलाय, झोप. मंग झोपायची.”

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“घरात ठिवला तर चालू करावासा वाटायचा. चालू केला तर मला झोप येईना. अन् द्यायचं म्हनलं तर जीव व्हईना. मिजाज सांगावा लागला असता ना.”

तेवढ्यात लाईट गेली. पंखा दोन फेरे मारून थांबला. पत्र्याखालची ती खोली एकदम मुकी झाली आणि गोधडीवर लेकरानं डोळे उघडले. त्याचा ओठ मुडपला, आता ते रडणार हे दिसत होतं. शीतल उठायच्या आत काकांनी पुढं होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“सिग्नल लागलाय, बाळा,” ते हळूच म्हणाले. “झोप. निघंल आता गाडी.”

लेकरानं त्यांच्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. काकांनी हात तसाच राहू दिला.

मी दारात उभी राहून घळाघळा रडले. शीतलची माझ्याकडे पाठ होती. काकांनी मात्र मला नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दूधवाला आला, दूध घातलं आणि निघून गेला. त्यानं मला काही विचारलं नाही.