केशरी बुटांचा नंबर

हर्षद लंडनहून आला तो गाल धरूनच. इंदुबाईंना वाटलं, आईला बघून पोराला भरून आलंय. मग जवळून पाहिलं, तर डावा गाल आत मोदक ठेवल्यासारखा टम्म.

दाढ होती. तिकडे सरकारी दातवाला नवीन पेशंट घेत नव्हता, थांबा म्हणाला. खासगीवाला लगेच घेत होता, पण तो सांगत होता त्या रकमेत विमानाचं जाऊन-येऊन तिकीट बसत होतं. हर्षदने नऊ दिवसांची रजा टाकली आणि विमान धरलं.

हे ऐकून मोरूभाऊ ओटीवर खालीच बसले. दाढ पोराची, पण कळ बापाच्या मस्तकात गेली. गेली दोन वर्षं जिते स्टेशनच्या बाकावर त्यांनी एकच गोष्ट लावून धरली होती: लंडनात औषधपाणी फुकट, आणि तेही साहेबी. शेजारच्या बाबाजीचा मुलगा आदेश अमेरिकेत. तिथे माणूस शिंकला तरी आधी विमा विचारतात, असं मोरूभाऊ गाडीची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला सांगत. त्यावर बाबाजी म्हणे, पैसे घेतात म्हणूनच नीट बघतात. फुकटच्या दवाखान्याची पायरी आपण मेलो तरी चढणार नाय. मोरूभाऊंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. गावात दोनदा शिबिराची गाडी येऊन गेली. दोन्ही वेळा ते बाकावरूनच म्हणाले, "माझा डोळा लंडनलाच व्हयाचा."

आता त्याच लंडनने पोराची दाढ साभार परत पाठवली होती. बाबाजीला हे कळलं, तर बाकावर बसायचं तोंड उरत नव्हतं.

पेणला जावं, तर तिथे दातांच्या डॉक्टरकडे चिठ्ठ्या लिहायला बाबाजीची पुतणी ऋतुजा. "रोह्याला जाऊ, सरकारीत," मोरूभाऊ म्हणाले. "तिकडं आपल्याला कुत्रं वळखत नाय."

"बाबा, पण लपवायचं काय त्यात?"

"दाढ तुझी हाय. नाक माझं हाय."

सकाळच्या गाडीने दोघे निघाले. दोघांच्याही तोंडाला मफलर. हर्षदच्या पायात लंडनचे केशरी बूट. आदल्या दिवशी मोरूभाऊंनी ते मुद्दाम ओटीच्या पायरीवर मांडून अख्ख्या आळीला दाखवले होते. पेण स्टेशनात मोरूभाऊ फलाटापलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसले, ते नागोठणं गेल्यावर मान वळवली.

रोह्याच्या दवाखान्यात गर्दी होती. खिडकीवर हर्षदच्या नावाचा केसपेपर झाला. पुढे माणसं भिंतीच्या कडेला बसलेली आणि त्यांच्या जागी रांगेत चपला उभ्या. दारांवर पाट्या होत्या, पण मोरूभाऊंना त्या धुऊन विटलेल्या साडीसारख्या दिसत. हर्षद कळ सोसत डोळे मिटून बसला होता. मग मोरूभाऊंनी अक्कल चालवली: माणसाला दात बत्तीस, डोळे दोन, म्हणजे लांब रांग ती दातांची. आपल्या चपला ठेवल्या असत्या, तर शंभर जोडांत त्यांना त्या पुन्हा सापडल्या नसत्या. म्हणून त्यांनी पोराचे बूट काढून घेतले आणि शेवटच्या जोडामागे ठेवले. केशरी तेवढं त्यांना अजून दिसत होतं.

तासभर ते तोंड मिटून बसले. तासभर गप्प बसायची त्यांना सवय नव्हती, त्यातच निम्मे दमले. बूट सरकत सरकत दारापासून हातभरावर आले. पलीकडे हौसा नावाची एक म्हातारी आपली चप्पल कोणी मागे ढकलली म्हणून कुरकुरत होती. तिच्या शेजारी कानटोपी आणि काळा चष्मा लावलेला एक गृहस्थ होता. तिची समजूत घालायला म्हणून तो म्हणाला, "अमेरिकेत असं चालत नाय गो, बाय. तिथं फोनवरनं नंबर लागतो."

मोरूभाऊंना राहवलं नाही. जीभच ती, दोन वर्षांची सवय.

"नंबर लागतो, पण आधी विमा विचारतात."

काळा चष्मा हळूहळू त्यांच्याकडे वळला. मग रांगेतल्या केशरी बुटांकडे वळला. मग परत त्यांच्याकडे.

"मोरू?"

"बाबाजी?"

बाबाजीने चष्मा काढून पुसला. त्याच्या तर दोन्ही डोळ्यांत सायीसारखं पांढरं होतं. अमेरिकेत आदेशकडे डोळे करायचे तर अंथरूण-पांघरूण विकलं तरी भागत नव्हतं, पेणच्या खासगीवाल्याने सांगितलेला आकडा त्याने मोरूभाऊंनाही सांगितला नाही, आणि रोह्यात आपल्याला कुत्रं ओळखत नाही हा हिशेब त्यानेही केला होता.

"पण तुला डोळा दाखवायचा सुचला, ते बरं झालं," बाबाजी म्हणाला.

"डोळा कसला? पोराची दाढ हाय."

"मग डोळ्यांच्या रांगेत काय करतोस?"

मोरूभाऊ उठायच्या आत डोळ्यांच्या खोलीतल्या प्रणिता सिस्टरांनी दारातून विचारलं, केशरी बूट कोणाचे. मोरूभाऊ दाढेचं सांगू लागले, पण सिस्टरांना ऐकायला वेळ नव्हता. म्हाताऱ्याची बाहुली लांबूनच पांढरी दिसत होती. नवा केसपेपर आणायला सांगून त्यांनी मोरूभाऊंना आत घेतलं, डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "आजोबा, इतके दिवस होतात कुठे?"

दारातून बाबाजीच म्हणाला, "लंडनच्या नंबरात व्हता."

डोळ्यात थेंब घालून, तपासणी होऊन मोरूभाऊ तासाभराने बाहेर आले, तर हर्षद बापाने दाराशी काढलेल्या चपला घालून उभा, तोंडात कापसाचा बोळा. पाटी त्याने डोळे उघडून वाचली होती. दातांची खोली समोरच होती आणि तिथे रांगच नव्हती. दाढ कागदाच्या पुडीत होती.

येताना गाडीत तिघे एकाच बाकड्यावर बसले. दोन्ही म्हाताऱ्यांना ऑपरेशनची एकच तारीख मिळाली होती. गावात काय सांगायचं, यावर निडीपर्यंत खल झाला. ठरलं ते असं: मोरू बाबाजीच्या सोबतीला गेला होता आणि बाबाजी मोरूच्या. दोघं नुसते सोबतीला गेले, तर पेशंट कोण, हे विचारायचं कोणाला सुचेल असं दोघांनाही वाटलं नाही.

पेणच्या अलीकडे हर्षदने मोबाइलवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून बापाच्या चांगल्या डोळ्यासमोर धरलं. सूनबाई निशिगंधाची अक्कलदाढ वर्षभर दुखतेय. दिवाळीला तिलाही घेऊन येतो.

मोरूभाऊंनी ते दोनदा वाचलं. बाबाजीला वाचून दाखवलं. मग थकून पाठ टेकली आणि म्हणाले,

"मग जाताना बूट हितंच ठेवून जा. नंबराला लागतील."